नफा दोन-तृतीयांश घटला आणि शेअर दुप्पट झाला : ॲडोबीच्या वर्गणीकरणाचं प्रकरण

फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचं आर्थिक वर्ष नोव्हेंबरअखेर संपतं. २०१३ चं वर्ष संपलं तेव्हा कंपनीने जे आकडे मांडले ते वरवर पाहणाऱ्याला घाबरवणारे होते. आदल्या वर्षी ४४०.४ कोटी डॉलर असलेला महसूल ४०५.५ कोटींवर आला होता. निव्वळ नफा ८३.३ कोटींवरून थेट २९ कोटींवर. शेअरमागे मिळकत १ डॉलर ६६ सेंट होती, ती ५६ सेंट उरली.

आता शेअरची किंमत बघा. २०११ च्या नोव्हेंबरात तो तीस डॉलरच्या आसपास मिळत होता. २०१३ च्या नोव्हेंबरअखेर तो पंचावन्नच्या वर होता. किंमत आणि मिळकत यांचं गुणोत्तर, म्हणजे आपण ज्याला पी-ई म्हणतो ते, दोन वर्षांपूर्वी सतरा-अठरा होतं, ते शंभराच्या घरात गेलं. पी-ई पाहून शेअर गाळणाऱ्या कुठल्याही चाळणीतून हा शेअर पहिल्याच फेरीत बाहेर पडला असता. चाळणी वापरणाऱ्याची त्यात चूक म्हणता येणार नाही. नफा आटत असलेल्या धंद्यासाठी शंभरपट किंमत मोजायला सांगणाऱ्याला आपण एरवी वेड्यात काढतो.

तरीही बाजार वेडा नव्हता. हे प्रकरण लिहायचं कारण तेच. क्लाउड सॉफ्टवेअरच्या, म्हणजे इंटरनेटवरून वर्गणीवर सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या, कंपन्या वाचताना कोणता आकडा कधी खरं बोलतो आणि कधी फसवतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आधीचा धंदा

ॲडोबीची स्थापना १९८२ ची, जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांची. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडून दोघांनी पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकीय भाषेवर कंपनी उभी केली. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली. २००३ पासून फोटोशॉप, चित्रं रेखाटायचं इलस्ट्रेटर, पानं मांडायचं इनडिझाइन वगैरे मंडळी ‘क्रिएटिव्ह सूट’ नावाच्या एका गाठोड्यात विकली जाऊ लागली. दर दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती यायची. सूटच्या २०१२ मधल्या सहाव्या आवृत्तीचे (सीएस-६) भाव सांगतो, म्हणजे अंदाज येईल : नुसता फोटोशॉप ६९९ डॉलर, जुन्या ग्राहकाला नव्या आवृत्तीवर यायचं तर १९९ डॉलर, आणि सगळंच हवं असेल तर मास्टर कलेक्शन २,५९९ डॉलर. सॉफ्टवेअर डब्यात मिळायचं : एकदा पैसे मोजा, परवाना कायमचा तुमचा.

धंदा उत्तम होता. दुखणं एकच, पण मुळातलं होतं. ॲडोबीची स्पर्धा ॲडोबीशीच होती. तीन वर्षांपूर्वी घेतलेला फोटोशॉप आजही फोटो व्यवस्थित कापतो, जोडतो, रंगवतो, मग नवा कशाला घ्यायचा? कितीतरी ग्राहक एक आवृत्ती गाळायचे, काही दोन गाळायचे. नवे ग्राहक फारसे वाढत नव्हते, त्यामुळे महसूल वाढवायचा तर भाव वाढवायचे, एवढाच मार्ग उरत होता. तो मार्ग कुठे ना कुठे संपतो.

मंदी आली तेव्हा हे दुखणं उघडं पडलं. २००८ मध्ये ३५८ कोटी डॉलर असलेला महसूल २००९ मध्ये २९४.६ कोटींवर घसरला. एका वर्षात जवळजवळ अठरा टक्के. लोकांनी फोटोशॉप वापरणं सोडलं नव्हतं. त्यांनी फक्त नवी आवृत्ती घेणं पुढे ढकललं. वापर तेवढाच आणि विक्री मात्र अठरा टक्क्यांनी कमी, ही गोष्ट कुठल्याही व्यवस्थापनाची झोप उडवायला पुरेशी आहे.

अभियंत्यांच्या बाजूनेही एक अडचण होती. तिची चर्चा कमी होते. एखादी सुविधा तयार झाली तरी ती पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवावी लागायची, कारण नव्या डब्यात काहीतरी नवं असायला हवं. म्हणजे ग्राहकाला उपयोगी पडणारं काम वर्ष-वर्ष कपाटात पडून राहायचं.

२००९ मध्येच ॲडोबीने ऑम्निचर ही संकेतस्थळांच्या वापराचं मोजमाप करणारी कंपनी सुमारे १८० कोटी डॉलरला घेतली होती. ऑम्निचर वर्गणीवरच चालायची. त्या खरेदीकडे त्या वेळी वेगळा धंदा म्हणून पाहिलं गेलं, पण वर्गणीचा धंदा आतून कसा दिसतो याची शिकवणी घरातच सुरू झाली, हा तिचा न सांगितलेला फायदा. हे माझं मत. कंपनीने तसं म्हटलेलं नाही.

हातचं सोडून

२०११ च्या नोव्हेंबरात मुख्य कार्यकारी अधिकारी शंतनू नारायण आणि वित्तप्रमुख मार्क गॅरेट यांनी विश्लेषकांपुढे दिशा मांडली : डब्याकडून वर्गणीकडे. त्याच आठवड्यात कंपनीने ७५० नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं आणि मोबाइलवरच्या फ्लॅशचं (संकेतस्थळांवर चलतचित्रं दाखवणाऱ्या आपल्या तंत्राचं) कामही थांबवलं. वाईट बातम्यांच्या या ढिगात वर्गणीची बातमीही वाईटच वाटली आणि शेअर घसरला. बाजाराच्या दृष्टीने हे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं होतं. तशी शंका घ्यायला जागाही होती, कारण इतक्या मोठ्या, इतक्या नफ्यातल्या डबाबंद सॉफ्टवेअर कंपनीने आपणहून असं केल्याचं उदाहरण तोवर नव्हतं. सेल्सफोर्ससारख्या कंपन्या वर्गणीवरच जन्मल्या होत्या, त्यांना मोडण्यासारखं जुनं काही नव्हतं.

२०१२ च्या मे महिन्यात क्रिएटिव्ह क्लाउड बाजारात आलं. वर्षाच्या बांधिलकीवर महिन्याला ४९.९९ डॉलर, बांधिलकी नको असेल तर महिन्याला ७४.९९. जुन्या ग्राहकांना पहिल्या वर्षी २९.९९ ची सवलत. सीएस-६ चा डबाही शेजारीच विकायला होता.

दोन्ही शेजारी ठेवण्याची ही चाल मला या सगळ्यातली सर्वांत शहाणी वाटते. ग्राहक काय निवडतो हे कंपनीला एक वर्ष फुकट पाहायला मिळालं. वर्षअखेर ३.२६ लाख वर्गणीदार झाले होते. डबा उपलब्ध असताना, कुणी जबरदस्ती केलेली नसताना झालेले हे वर्गणीदार होते. त्या ३.२६ लाखांचं वजन नंतरच्या लाखांपेक्षा जास्त आहे.

आठाणे-चाराण्याचं गणित

नफा का आटला हे समजायला मोठे आकडे नकोत. एक लहान कंपनी कल्पून पाहू. दर महिन्याच्या एक तारखेला तिला एक नवा ग्राहक मिळतो, वर्षाला बारा.

डब्याच्या पद्धतीत प्रत्येकाकडून २,६०० डॉलर येतात. बारा ग्राहकांचे वर्षाला ३१,२०० डॉलर.

आता तोच ग्राहक महिन्याला ५० डॉलर देतो. जानेवारीत आलेला बारा महिने देईल, फेब्रुवारीतला अकरा, डिसेंबरमधला एकच. सगळे महिने मिळून अठ्ठ्याहत्तर. त्यांचे झाले ३,९०० डॉलर. ३१,२०० च्या जागी ३,९००, म्हणजे बरोबर एक-अष्टमांश. ग्राहक तेवढेच, माल तोच, पगार तेच, कार्यालयाचं भाडं तेच. महसुलाच्या रेषेने मात्र तळ गाठला.

दुसऱ्या वर्षी एक जानेवारीला काय स्थिती असते? डब्याच्या कंपनीचा गल्ला रिकामा असतो, पुन्हा शून्यापासून सुरुवात. वर्गणीच्या कंपनीचे जुने बारा ग्राहक मात्र नुसते टिकले तरी ७,२०० डॉलर आणतील. वर नवे बारा आले की ११,१००. तिसऱ्या वर्षी १८,३००, चौथ्या वर्षी २५,५००, पाचव्या वर्षी ३२,७००. पाचव्या वर्षी ती डब्याच्या कंपनीला मागे टाकते आणि त्यानंतर दोघींमधलं अंतर वाढतच जातं.

ॲडोबीच्या खऱ्या भावांनीही साधारण हेच उत्तर येतं. २,५९९ ला ४९.९९ ने भागलं की बावन्न महिने मिळतात. मास्टर कलेक्शनच्या एका डब्याची भरपाई व्हायला वर्गणीदाराने सव्वाचार वर्षांहून थोडं जास्त टिकायला हवं.

प्रत्यक्षात चित्र इतकं भीषण नव्हतं, कारण मास्टर कलेक्शन घेणारे थोडे आणि स्वस्त गाठोडी किंवा नुसता फोटोशॉप घेणारे जास्त. शिवाय बरेचसे फक्त आवृत्ती बदलणारे. त्यांच्याकडून वर्गणीत लगेचच जास्त पैसे येत होते. म्हणूनच ॲडोबीचा महसूल एक-अष्टमांश झाला नाही, आठ टक्क्यांच्या आसपास घटला. पण खर्च जागच्या जागी असला की महसुलातली आठ टक्क्यांची घटही नफ्याचा फडशा पाडते. त्यात सर्व्हर चालवण्याचा नवा खर्च आला. ढोबळ नफ्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास होतं, ते पंच्याऐंशीकडे सरकलं.

महसूल खाली वाकतो, खर्च वर जातो, मग दोन्ही रेषा पुन्हा एकमेकींना छेदतात. कागदावर काढलं तर माशासारखा आकार दिसतो. या धंद्यातले लोक त्याला ‘मासा गिळणं’ म्हणतात. मासा गिळेपर्यंत भागधारकांचा धीर टिकतो की नाही, हाच प्रश्न असतो.

डबा बंद

मे २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ॲडोबी मॅक्स परिषदेत कंपनीने सांगून टाकलं की क्रिएटिव्ह सूटची पुढची आवृत्ती येणार नाही. जे नवं येईल ते फक्त वर्गणीदारांना.

ग्राहक खवळले. हजारो सह्यांची ऑनलाइन याचिका निघाली. राग पैशांचा होता, त्याहून जास्त मालकीचा होता. वर्गणी थांबली की आपल्याच फायली उघडायला साधन उरणार नाही, ही भीती खरी होती. छायाचित्रकारांची तक्रार तर अगदी रास्त होती : आम्हाला फोटोशॉप आणि लाइटरूम एवढंच लागतं, चित्रपट संपादनाच्या अवजारांचे पैसे आम्ही का द्यावे? सप्टेंबरात कंपनीने त्यांच्यासाठी महिन्याला ९.९९ डॉलरची योजना काढली. ही माघार होती, आणि तिचा मोठा फायदा झाला. जे लोक कधीच ६९९ डॉलर मोजणार नव्हते, चोरीची प्रत वापरत होते किंवा जुन्या आवृत्तीवर भागवत होते, त्यांना दहा डॉलर परवडले.

नावाबद्दल इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. ‘क्रिएटिव्ह क्लाउड’मधला फोटोशॉप तुमच्याच यंत्रावर चालत होता. क्लाउडमध्ये होता तो मुख्यतः परवाना, आणि थोडी साठवणीची जागा. सॉफ्टवेअर पूर्वीचंच, पैसे घेण्याची रीत नवी. याचा धागा पुढे लागतो.

गुंतवणूकदाराच्या हाती काय होतं

महसूल आणि नफा हे दोन्ही नेहमीचे आकडे या काळात कुचकामी होणार हे ॲडोबीला ठाऊक होतं. म्हणून तिने मोजपट्टी आधी दिली आणि दुखणं नंतर आणलं. महसूल घटणार हे तिने घटण्याआधी सांगितलं. दर तिमाहीला वर्गणीदारांची संख्या जाहीर होऊ लागली. शिवाय वार्षिक आवर्ती महसूल, ज्याला सगळे ‘एआरआर’ म्हणतात, तोही मिळू लागला : आज जे वर्गणीदार आहेत ते असेच राहिले तर वर्षाला किती देतील, तो आकडा. २०१५ अखेर ४० लाख वर्गणीदार होतील असं लक्ष्यही जाहीर केलं.

२०१३ अखेर वर्गणीदार १४.४ लाख होते, एका वर्षात चौपटीहून अधिक. क्रिएटिव्हचा एआरआर ७६.८ कोटी डॉलर. नफ्याचा आकडा म्हणत होता की धंदा आजारी आहे. एआरआर म्हणत होता की पुढच्या वर्षाची एक जानेवारी आता रिकामी नाही.

पण एआरआर हा कंपनीने स्वतः बनवलेला आकडा. लेखापरीक्षकाची सही त्याखाली नसते आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या सोयीने मोजते. एखाद्याने त्यावर विश्वास ठेवायला नकार दिला तर मी त्याला दोष देणार नाही. मग त्याने ताळेबंद उघडावा.

ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला ‘डिफर्ड रेव्हेन्यू’ नावाची ओळ असते : पैसे आले, पण सेवा अजून द्यायची आहे, म्हणून महसुलात न धरलेली रक्कम. देण्यांमध्ये असूनही हे देणं वाढलेलं पाहून आनंद व्हावा असं. ॲडोबीची ही रक्कम २०१२ अखेर सुमारे ६२ कोटी डॉलर होती. २०१३ अखेर ती ८३ कोटी झाली, २०१४ अखेर ११५ कोटींच्या पुढे गेली. नफा-तोटा पत्रकातून महसूल गळत होता तेव्हा तो इथे साठत होता. तोही पूर्ण साठा नव्हे, कारण जो ग्राहक वर्षाची बांधिलकी करून महिन्याला पैसे देतो त्याचे पुढच्या महिन्यांचे पैसे अजून आलेलेच नसतात, त्यामुळे ते या ओळीतही दिसत नाहीत.

दुसरी तपासणी रोखीची. चालू व्यवसायातून आलेली रोख २०१२ मध्ये दीडशे कोटी डॉलर होती, २०१३ मध्ये ११५ कोटी. नफा पासष्ट टक्के घटला, रोख तेवीस टक्के. इथे उड्या मारायच्या आधी जरा थांबायला हवं. या रोखीत कर्मचाऱ्यांना शेअरच्या रूपात दिलेल्या मोबदल्याची बेरीज परत जोडलेली असते, ॲडोबीच्या बाबतीत त्या वर्षी तीस कोटी डॉलरहून जास्त. तो खर्च रोखीत दिसत नाही, पण भागधारकाच्या हिश्श्यातून कापला जातोच. तंत्रज्ञान कंपन्यांची रोख वाचताना हा आकडा वजा केल्याशिवाय मी पुढे जात नाही. वजा करूनही ॲडोबी भक्कम रोख कमावत होती, आणि गाठीला तीनशे कोटी डॉलरहून अधिक रोख व अल्पमुदतीच्या गुंतवणुका होत्या. मासा गिळताना गुदमरण्याचा धोका नव्हता.

न सांगितलेला आकडा

सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र तिमाही निवेदनात नसायचा. कंपनी निव्वळ वाढ सांगायची, नवे किती आले आणि जुने किती गेले हे वेगवेगळं नाही. या जाण्याला ‘चर्न’ म्हणतात. मराठीत गळती म्हणू.

समजा दर महिन्याला एक टक्का वर्गणीदार गळतात. ग्राहक सरासरी शंभर महिने टिकतो आणि पन्नास डॉलरच्या हिशेबाने पाच हजार डॉलर देतो. २,६०० च्या डब्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. आता गळती तीन टक्के धरा. ग्राहक तेहतीस महिने टिकतो, १,६६७ डॉलर देतो. डबाच बरा होता! एक टक्का आणि तीन टक्के, ऐकायला दोन्ही किरकोळ. वर्षाअखेर पहिल्या गळतीत शंभरातले अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद उरतात, दुसरीत एकोणसत्तर. अख्ख्या प्रकरणाचा निकाल या दोन टक्क्यांच्या फरकात होता आणि २०१३ मध्ये बाहेरच्या माणसाला तो फरक थेट दिसत नव्हता.

मग बाहेरच्याने काय करायचं? ग्राहकाला जाण्यासाठी जागा आहे का, हे बघायचं. छपाईचा कारखाना इनडिझाइनची फाइल मागतो, जाहिरात संस्था नोकरी देताना फोटोशॉप येतं का विचारते, महाविद्यालय तेच शिकवतं. याचिकेवर सही करणारा डिझायनर सही करून परत इलस्ट्रेटरच उघडत होता. ग्राहकांचा राग हा गळतीचा पुरावा आहे असं त्या उन्हाळ्यात अनेकांनी मानलं. मला तो उलटा पुरावा वाटतो. ज्याला सोडून जाता येतं तो याचिका कशाला लिहील?

अर्थात हे आज म्हणणं सोपं आहे. त्या वर्षी घाबरण्यासारखं खरोखरच घडत होतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं उघड झालं. आधी २९ लाख ग्राहकांची माहिती गेल्याचं सांगितलं गेलं, मग बाधित सक्रिय वापरकर्त्यांचा आकडा ३.८ कोटींवर गेला. काही उत्पादनांचा मूळ कोडही चोरीला गेला. दर महिन्याला कार्डावरून पैसे घेणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हे घडावं, यासारखी वाईट वेळ नाही. मे २०१४ मध्ये लॉग-इनची सेवा एक दिवसाहून अधिक काळ बंद पडली. एवढं होऊनही २०१४ अखेर वर्गणीदार ३४.५ लाख झाले. गळतीच्या प्रश्नाचं यापेक्षा स्पष्ट उत्तर बाहेरच्याला मिळालं नसतं.

पुढे काय झालं

२०१४ मध्ये नफा आणखी थोडा घटून २६.८ कोटी डॉलर झाला. तो तळ. २०१५ मध्ये ६३ कोटी, २०१६ मध्ये ११६.९ कोटी. महसूल २०१६ मध्ये ५८५ कोटी आणि २०१९ मध्ये १,११७ कोटी. वर्गणीदार २०१५ अखेर ६१.७ लाख, लक्ष्य ४० लाखांचं होतं. त्या ६१.७ लाखांत दहा डॉलरवाले छायाचित्रकारही आहेत, म्हणून डोकी मोजण्यापेक्षा एआरआर पाहणंच योग्य होतं. बहुधा म्हणूनच पुढे कंपनीने डोकी सांगणं बंद केलं.

या यशाने एक वाईट सवयही लावली. पुढच्या काही वर्षांत तोट्यातली जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनी ‘आम्ही मासा गिळतोय’ असं सांगू लागली आणि गुंतवणूकदार माना डोलवू लागले. ॲडोबी मासा गिळायला बसली तेव्हा तिचं पोट भरलेलं होतं : धंदा नफ्यातला, गाठीला रोख, ग्राहक वीस वर्षांचे बांधलेले, पर्याय नगण्य. तिला नवे ग्राहक पैसे ओतून शोधायचे नव्हते, असलेले ग्राहक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवायचे होते. एक ग्राहक मिळवायला त्याच्या दोन वर्षांच्या वर्गणीएवढी जाहिरात करणाऱ्या कंपनीचा तोटा दिसायला तसाच असतो, पण त्याची जात वेगळी.

ॲडोबीच्या शेअरचंही तेच : नुसते आकडे पाहून तिथेही भागलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ७०० डॉलरच्या जवळ पोचला. त्यानंतरच्या वर्षी धंदा काही बिघडला नाही, महसूल १,५७९ कोटींवरून १,७६१ कोटींवर गेला. तरी सप्टेंबर २०२२ अखेर शेअर ३०० च्या खाली होता. २०१३ मध्ये वाईट आकड्यांच्या कंपनीने पैसे दुप्पट केले होते, २०२१ मध्ये चांगल्या आकड्यांच्या त्याच कंपनीने निम्म्याहून जास्त बुडवले.

त्या घसरणीला व्याजदर कारण होते, आणि फिग्मासुद्धा. ॲडोबीने क्रिएटिव्ह क्लाउड आणलं त्याच २०१२ मध्ये डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस यांनी फिग्मा ही डिझाइनच्या सॉफ्टवेअरची कंपनी सुरू केली होती. तिथे यंत्रावर काहीच बसवावं लागत नाही. ब्राउझर उघडा, एकाच फलकावर चारजण एकत्र काम करा. नावातलं क्लाउड ॲडोबीने घेतलं होतं, खरं क्लाउड इथे बनत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ॲडोबीने फिग्मासाठी दोन हजार कोटी डॉलर देऊ केले. फिग्माचा एआरआर वर्षअखेर चाळीस कोटी डॉलर ओलांडेल असा अंदाज होता, म्हणजे पन्नास पट. त्या एका दिवसात ॲडोबीचा शेअर सुमारे सतरा टक्के पडला. वर्गणीदारांना जाण्यासाठी जागा तयार झाली आहे आणि ॲडोबीने ती आपल्या बोलीनेच कबूल केली, असा अर्थ बाजाराने लावला. ब्रिटन आणि युरोपच्या स्पर्धा नियामकांनी हरकत घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये सौदा मोडला. ॲडोबीने शंभर कोटी डॉलर मोडणावळ दिली. फिग्मा जुलै २०२५ मध्ये स्वतःच बाजारात उतरली. ३३ डॉलरला दिलेला शेअर पहिल्या दिवशी ११५.५० वर बंद झाला.

आणि ती गळती? जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या तक्रारीवरून ॲडोबीवर खटला दाखल झाला. आरोप असा की वर्षाची बांधिलकी करून महिन्याला पैसे भरण्याच्या योजनेत मध्येच सोडल्यास लागणारं शुल्क कंपनी ग्राहकाला नीट दाखवत नाही आणि वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड करते. हे शुल्क उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मं असतं. कंपनीने आरोप नाकारले.

खटला वाचल्यावर मी २०१२ चं दरपत्रक पुन्हा काढून पाहिलं. महिन्याला ४९.९९ आणि ७४.९९. वस्तू एकच, फरक फक्त केव्हाही सोडून जाण्याच्या मुभेचा. त्या मुभेची किंमत कंपनीने पहिल्याच दिवशी लावली होती, महिन्याला पंचवीस डॉलर. ज्या आकड्यासाठी विश्लेषक तिमाहीमागून तिमाही तर्क लढवत होते, त्याचा माग दरपत्रकाच्या दुसऱ्या ओळीत होता.